बारभाईचे सरकार : कसे उभे राहिले, कसे मोडले

चार माणसे एकत्र आली आणि काम पुढे सरकले नाही, की आपल्याकडे कोणीतरी हमखास म्हणतो, "हा सगळा बारभाईचा कारभार!" ग्रामपंचायतीत हे वाक्य ऐकू येते, पतसंस्थेच्या सभेत ऐकू येते, आणि आमच्या बँकेत तर महिन्यातून एकदा तरी ते कानावर पडतेच. मध्यंतरी एका बैठकीत बांधकामाच्या हिशेबावर चर्चा चालू असताना हाच शब्द निघाला. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलाने मला हळूच विचारले, "काका, बारभाई म्हणजे कोण हो?" मी काहीतरी उत्तर दिले. पण ते अर्धवट होते, हे माझे मलाच जाणवले. बी. ए. ला इतिहास विषय होता, एवढेच माझे भांडवल. तरी त्या मुलाचे देणे राहिले आहे, आणि स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा मंडळींचा आग्रहही आहे. म्हणून हा प्रपंच.

पेशवाईचे नाव काढले की आपल्या माणसाला गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आठवतो, आणि ते साहजिकच आहे. मग त्या पेशवाईतल्या कारभाऱ्यांची भांडणे आपण कशाला वाचायची, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की वाचावीत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाला एक जुने दुखणे दाखवून दिले होते. या देशाने स्वातंत्र्य गमावले ते आपल्याच काही माणसांच्या फितुरीमुळे, हे त्यांनी इतिहासातील नावे घेऊन सांगितले. बारभाईची हकीगत ही त्याच दुखण्याची आहे. शिवाय ती आपल्या दारातली आहे. कर्जतहून पश्चिमेला गेले की श्रीगोंदा लागते. तेथे महादजी शिंद्यांचा वाडा होता. पूर्वेला जामखेड तालुक्यातले चोंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव, आणि त्याच तालुक्यात खर्डा. उत्तरेला गोदावरीकाठी कोपरगाव, मध्ये नगरचा भुईकोट किल्ला, आणि आपल्याच तालुक्यात भीमेच्या काठी सिद्धटेक. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली ही गावे पुढच्या हकिगतीत एकेक करून येणार आहेत.

हकीगत सुरू होते ती एका खुनापासून. थोरले माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने वारले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी भर दिवसा शनिवारवाड्यात गारद्यांनी त्याला कापून काढले. त्याच वाड्यात नजरकैदेत असलेला त्याचा चुलता रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, स्वतः पेशवा झाला. आनंदीबाईने हुकमातल्या 'ध' चा 'मा' केला, 'धरावे' चे 'मारावे' झाले, ही आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. ती खरी की खोटी याचा निकाल मी देऊ शकत नाही. बँकेत खाडाखोड असेल तेथे शेजारी पूर्ण सही लागते, आणि ही आख्यायिका आठवली की तो नियम किती शहाणपणाचा आहे ते पटते, इतकेच सांगतो. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबावर दोष ठेवला आणि ते पुणे सोडून गेले. शास्त्रीबोवांनी काम चोख केले, पण त्या निवाड्याची अंमलबजावणी करायची कोणी? ज्याच्यावर दोष, तोच राज्याचा धनी होऊन बसला होता.

राघोबा फौज घेऊन निजाम आणि हैदर यांच्या स्वारीवर निघाला. कारभारी त्याच्याबरोबर होते. बारभाईची जुळणी झाली ती या स्वारीच्या काळात. कोणी प्रकृतीचे निमित्त काढले, कोणी घरच्या कामाचे, आणि एकेक मुत्सद्दी छावणीतून पुण्याकडे परतला. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. जानेवारी १७७४ मध्ये तिला पुण्यातून हलवून पुरंदर किल्ल्यावर नेण्यात आले. सदाशिवरावभाऊंची विधवा पार्वतीबाई तिच्यासोबत होती. राघोबाला पेशवा मानायचे नाही आणि राज्य गंगाबाईच्या नावाने चालवायचे, असा या मंडळींनी जाहीर पवित्रा घेतला.

म्हणजे या सरकारचा धनी अजून जन्माला यायचा होता! मुलगा होईल की मुलगी, जगेल की नाही, कशाचीच खात्री नव्हती. गंगाबाईबरोबर दुसऱ्याही गरोदर बायका गडावर ठेवल्या आहेत, मुलगी झाली तर अदलाबदल करणार आहेत, अशा कंड्या त्या वेळी पिकल्या आणि इंग्रजांच्या लिखाणातही शिरल्या. विरोधकांनी त्या पिकवल्या असाव्यात, असे मला वाटते.

आता हे 'बारा' कोण? बारा नावांची ठरलेली यादी नाही. कोणी एक नाव घालतो, कोणी दुसरे गाळतो. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्र्यंबकराव पेठे, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस, बाजाबा पुरंदरे ही नावे मात्र ठळक आहेत. त्यांना पटवर्धन, रास्ते यांच्यासारख्या सरदारांचा पाठिंबा होता. महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर हे उत्तरेतले दोन मोठे फौजबंद सरदार आरंभी तळ्यात-मळ्यात होते. पुढेही बराच काळ त्यांचे पाय दोन्ही डगरींवर होते.

यांपैकी दोघांची ओळख नीट करून घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे त्यांच्यावरच फिरते. सखारामबापू हे जुने, मुरलेले मुत्सद्दी. मराठेशाहीत 'साडेतीन शहाणे' म्हणतात, त्यांतले ते एक पूर्ण शहाणे. माधवरावांच्या काळात त्यांचा ओढा राघोबाकडे होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या साडेतिनांतला अर्धा म्हणजे नाना, कारण त्याला तलवार धरता येत नव्हती. बारभाई जमले तेव्हा नाना अवघा बत्तीस वर्षांचा होता. फडणीस म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचा धनी. सनदा, फौजेची हजेरी, वसूल, खर्च सारे त्याच्या दप्तरातून जायचे. आम्हा कारकून मंडळींना नानाबद्दल थोडी आपुलकी वाटते ती यामुळे. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती शेवटी सगळेच येते, हे आम्ही रोज पाहतो.

युद्ध लगेच पेटले. २६ मार्च १७७४ रोजी पंढरपूरजवळ कासेगावला त्र्यंबकराव पेठ्यांची आणि राघोबाची गाठ पडली. पेठे जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडले आणि त्यातच वारले. बारभाईंचा पहिला सेनापती पहिल्याच लढाईत गेला. दुसरे कोणतेही सरकार अशा वेळी मोडले असते. पण हरिपंत फडक्याने फौजेची सूत्रे घेतली आणि राघोबाच्या मागे लागून त्याला उत्तरेकडे हुसकावले. तेवढ्यात १८ एप्रिलला पुरंदरवर गंगाबाईला मुलगा झाला. हाच सवाई माधवराव. २८ मे रोजी, म्हणजे चाळिसाव्या दिवशी, त्या तान्ह्या पोराला पेशवाईची वस्त्रे मिळाली. कालपर्यंत बंडखोर ठरणारे कारभारी त्या दिवशी कायदेशीर सरकार झाले, आणि राघोबा बंडखोर ठरला.

राघोबा बुऱ्हाणपूर, माळवा, गुजरात असा भटकत शेवटी सुरतेला इंग्रजांच्या दारी गेला. इंग्रज संधीची वाटच पाहत होते. मुंबईशेजारचे साष्टी बेट त्यांना कधीपासून हवे होते आणि डिसेंबर १७७४ मध्ये त्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊन ते बळकावलेही. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात राघोबाने साष्टी आणि वसई त्यांना लिहून दिली. बदल्यात २५०० माणसांची फौज ठरली. तिच्या खर्चापोटी महिना दीड लाख रुपये द्यायचे आणि सहा लाखांचे दागिने तारण ठेवायचे. तारण घेऊन कर्ज देणाऱ्याचा धंदा आम्हाला चांगला कळतो. येथे मात्र कर्ज फौजेचे आणि तारण राज्याचे होते.

१८ मे १७७५ रोजी गुजरातेत अडास येथे कर्नल कीटिंग आणि राघोबा यांच्याशी हरिपंताची मोठी लढाई झाली. इंग्रजांनी ती जिंकल्याचे म्हटले, पण त्यांची माणसेही पुष्कळ पडली. इतक्यात कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने मुंबईकरांचा तह आपल्या परवानगीवाचून झाला म्हणून नामंजूर केला आणि कर्नल अप्टनला बोलणी करायला पाठवले. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. इंग्रजांनी राघोबाची बाजू सोडावी, राघोबाने कोपरगावी जाऊन राहावे, साष्टी इंग्रजांकडे राहावी आणि युद्धखर्चाचे १२ लाख रुपये मराठ्यांनी द्यावेत, असे ठरले. पुण्याच्या बाजूने या तहावर दोन नावे आली, सखारामबापू आणि नाना. ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत.

येथवरचा हिशेब मांडला तर काय दिसते? दोन वर्षे आणि काही महिन्यांत या मंडळींनी एक खुनी पेशवा हुसकला, एक तान्हे मूल गादीवर टिकवले, सेनापती गमावूनही फौज उभी ठेवली आणि इंग्रजांना तहाला बसवले. साष्टी गेली, ही खोट मोठी. तरीसुद्धा 'बारभाईची शेती, काय लागेल हाती' ही म्हण या पहिल्या अर्ध्या भागाला लागू पडत नाही. त्याच साली कनोजकडचा सुखनिधान नावाचा एक माणूस 'मीच पानिपतावर हरवलेला सदाशिवरावभाऊ' म्हणून कोकणात उठला, किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती गेले, आणि वर्ष संपण्यापूर्वी या सरकारने त्या तोतयाचाही निकाल लावला. पुष्कळ हात असले की काम बिघडते, हा समज या सरकारपुरता तरी खरा नाही.

मग बिघडले कोठे? माझ्या मते बिघाड जुळणीतच होता. ही माणसे एकत्र आली ती एका नकारावर. 'राघोबा नको' यावर सर्वांचे एकमत होते. राघोबा गेल्यावर काय हवे, यावर कोणी कोणाशी काही ठरवले नव्हते. मुख्य कारभारी कोण? फौजेचा खर्च कोणी भागवायचा? शिंदे-होळकरांकडे निघणारी येणी कोण मागणार? एखाद्याला हा कारभार पटला नाही, तर त्याने बाहेर कसे पडायचे? शत्रू दाराशी होता तोवर हे प्रश्न कोणी काढले नाहीत. पुरंदरच्या तहाची शाई वाळली आणि ते एकेक करून वर आले.

त्यात इंग्रजांनी तह पाळलाच नाही. मुंबईकरांनी राघोबाला आश्रय देणे चालूच ठेवले. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच वकील पुण्यात आला. नानाने त्याची सरबराई केली आणि इंग्रज बिथरले. त्याच वर्षी गंगाबाई वारली. सरकार जिच्या नावाने सुरू झाले होते तीच गेली, आणि गादीवरच्या तीन वर्षांच्या मुलाला सांभाळणारे हात कोणाचे, यावर ओढाताण अधिकच उघडी पडली. नाना दप्तरात पक्का रुतला होता. ते मोरोबाला सलत होते. मोरोबा हा नानाचा सख्खा चुलतभाऊ. फडणिशीवर आपलाही तेवढाच हक्क, असे त्याचे म्हणणे. घरातला वाटणीचा तंटा तो हाच, फक्त वाटणीला राज्य होते.

सखारामबापूंचे कोडे अधिक अवघड आहे. त्यांना नुसते फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांची जन्माची सवयच अशी दिसते की ठेव एका पेढीत ठेवायची नाही. थोडी नानाकडे, थोडी राघोबाकडे. राघोबा परत आला तर आपले काय होईल, याची त्यांनी तजवीज करून ठेवली होती. शांततेच्या काळात याला धोरण म्हणतात. युद्धात त्याचे नाव वेगळे पडते.

१७७८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाला मोरोबाने डाव टाकला. तुकोजी होळकरांची फौज त्याच्या पाठीशी होती. महादजी शिंदे आणि हरिपंत दूर स्वाऱ्यांवर गुंतले होते. नानाला पुणे सोडून पुरंदरचा आसरा घ्यावा लागला आणि काही काळ पुण्याचा कारभार मोरोबाच्या हाती गेला. या गटाची मुंबईच्या इंग्रजांशी बोलणी चालू होती. राघोबाला पुण्यास आणावे, असा त्यांचा निरोप होता. येथे इंग्रजांनी काढलेला युक्तिवाद मजेदार आहे. राघोबाला मदत केली तर पुरंदरचा तह मोडतो की नाही, हा प्रश्न होता. कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने अर्थ लावला की, ज्या सखारामबापूंचे नाव तहावर आहे तेच जर बोलावत असतील, तर तह मोडला असे कसे म्हणता येईल?

आमच्या काउंटरवर दोघांच्या नावाने खाते असते. 'दोघांच्या सहीने' असे लिहिलेले असेल तर एकट्याचा चेक आम्ही परत करतो, मग तो कितीही मोठा माणूस असो. त्याने टेबल आपटले तरी चेक परतच जातो. बारभाईंच्या खात्यावर दोघांच्या सह्या होत्या, पण पैसे कोणाच्या सहीने निघतील ते लिहून ठेवलेले नव्हते. आणि समोरची पेढी असली की तिला एकाच सहीवर सगळे खाते रिकामे करायचे होते.

मोरोबाचा डाव फार टिकला नाही. महादजी आणि हरिपंत परतले. महादजींनी आपले वजन नानाच्या पारड्यात टाकले आणि तुकोजींना वळवले. जुलै १७७८ मध्ये मोरोबा पकडला गेला. त्याची रवानगी झाली ती आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात. बापूंना मात्र लगेच धरले नाही. तहावर त्यांचे नाव होते, त्यांना कैद केले असते तर 'तहावर सही करणारेच तुरुंगात' असा बोभाटा इंग्रजांनी केला असता. नानाने हाच विचार केला असावा, असे मला वाटते.

त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांची फौज राघोबाला पालखीत घालून मुंबईहून बोरघाट चढली. पुण्यात आपले लोक फितूर आहेत, दारे आपोआप उघडतील, हा त्यांचा हिशेब. पण ज्यांच्या भरवशावर ते निघाले ते एव्हाना कैदेत होते किंवा पहाऱ्यात. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. हाच आपला 'इष्टुर फाकडा'. तळेगाव जाळून ओस पाडलेले, दाणा नाही, वैरण नाही. इंग्रज रात्रीत मागे फिरले आणि वडगावला कोंडले गेले. जानेवारी १७७९ च्या मध्यावर त्यांनी शरणागतीचा करार केला आणि राघोबा महादजींच्या हवाली झाला. कंपनी सरकारची अशी नाचक्की हिंदुस्थानात क्वचितच झाली असेल.

राघोबा हाती आला आणि त्याच्याबरोबर कागदही आले. सखारामबापूंचा पत्रव्यवहार उघडा पडला. फेब्रुवारी १७७९ मध्ये बापूंना अटक झाली. सिंहगड, प्रतापगड असे करत त्यांना रायगडावर नेले आणि १७८१ मध्ये कैदेतच त्यांचा शेवट झाला. जानेवारीत युद्धातला सर्वांत मोठा विजय, फेब्रुवारीत बारभाईंचा शेवट! पराभवाने हे सरकार मोडले नाही, जिंकल्यावर मोडले. यापुढे कारभारी दोन नव्हते. नाना एकटा होता, आणि फौजेच्या बळावर महादजी.

दुसऱ्या महायुद्धातले एक उदाहरण येथे आठवते. मे १९४० मध्ये विलायतेत चर्चिल साहेबांनी हुजूर, मजूर आणि लिबरल अशा तिन्ही पक्षांना घेऊन संयुक्त सरकार बनवले. आतून त्यांचे एकमेकांशी पटत नव्हतेच. मजूर पक्षाचे ॲटली युद्धभर चर्चिलच्या शेजारी बसले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला आणि त्याच महिन्यात ते सरकार मोडले. जुलैत निवडणूक झाली, चर्चिल हरले, ॲटली पंतप्रधान झाले. कोणी कोणाला टॉवरच्या तुरुंगात टाकले नाही. हा फरक इंग्रज माणसाच्या चांगुलपणाचा नव्हे. बाहेर पडायला त्यांच्याकडे मतपेटीचा दरवाजा होता. बारभाईंकडे बाहेर पडायला एकच दरवाजा होता, तो किल्ल्याचा. त्याच युद्धात आपल्याकडे काय चित्र होते पाहा. १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, आणि त्याच ऑगस्टमध्ये काँग्रेसचे पुढारी नगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. मोरोबाचाच किल्ला. नगरकरांनी या किल्ल्यात कोण कोण कैदेत राहिले त्याची एक यादी लावावी, वाचण्यासारखी होईल.

या सर्व काळात रयतेचे काय झाले, ते बखरीत फारसे सापडत नाही. पण ज्याला जुने बलुतेदारी गाव माहीत आहे त्याला ते लिहून दाखवायची गरज नाही. पंढरपूरपासून बुऱ्हाणपुरापर्यंत आणि पुण्यापासून गुजरातेपर्यंत फौजा चार वर्षे फिरत होत्या. लष्कर गावावरून गेले की वैरण, लाकूडफाटा, ओझी आणि वाट दाखवायला माणूस लागायचा. ती वेठ महारवाड्याच्या माथी. राघोबाची फौज असो की बारभाईंची, वेठ तीच. पुण्याच्या वाड्यात कोण आहे याने त्यात फरक पडत नव्हता. ज्यांना आपले म्हणावे असे काही या राज्यात मिळत नव्हते, त्यांतल्या पुष्कळांनी मुंबईकर इंग्रजांच्या पलटणींत नोकरी धरली. जानेवारी १८१८ च्या कोरेगावची वाट तेथून निघते. बापूंचे पत्र फितुरी ठरले, ते योग्यच. पण ज्याला राज्याने उंबऱ्याच्या आत कधी घेतलेच नाही, त्याला फितूर म्हणता येत नाही, हा भेद आपल्या मुलांनी इतिहास वाचताना करावा.

पुढचे थोडक्यात. राघोबा वाटेत निसटून पुन्हा इंग्रजांकडे गेला आणि युद्ध पुन्हा पेटले. १७८० मध्ये नानाने निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांना घेऊन इंग्रजांविरुद्ध आणखी मोठी आघाडी उभी केली. शेवटी १७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. राघोबाला महिना २५,००० रुपयांची नेमणूक मिळाली आणि तो अखेर कोपरगावी आला. तेथेच ११ डिसेंबर १७८३ रोजी तो वारला. ज्याच्यासाठी दहा वर्षे एवढे रण माजले तो गोदावरीकाठी साध्या पेन्शनरासारखा गेला. मार्च १७९५ मध्ये आपल्या शेजारच्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. सगळे सरदार एका झेंड्याखाली आले ते तेव्हा शेवटचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेला. १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्याने नानाला पकडले आणि ठेवले कोठे, तर नगरच्याच किल्ल्यात! एकोणीस वर्षांपूर्वी चुलतभावाला ज्या भिंतींआड घातले त्याच भिंती. १७९८ मध्ये सुटका झाली आणि १८०० साली नाना वारला.

म्हणजे ठळक कारभाऱ्यांपैकी पेठे रणात पडले, बापू रायगडावर कैदेत संपले, मोरोबा नगरच्या किल्ल्यात अडकला आणि नानानेही त्याच किल्ल्याची हवा चाखली. राहिला हरिपंत फडके. तो शेवटपर्यंत कामावर राहिला, आणि जून १७९४ मध्ये सिद्धटेकला, आपल्या कर्जत तालुक्यात, भीमेच्या काठी त्याला मरण आले. त्याची सरदारकी एकदा गेली होती, ती येथे एकवीस प्रदक्षिणा घातल्यावर परत मिळाली, अशी कथा तेथले लोक सांगतात. ती ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने घ्यावी. येथल्या फरसबंदी वाटेचे श्रेयही त्यालाच देतात, आणि देऊळ बांधल्याचे श्रेय अहिल्याबाईंना.

मागच्या वर्षी वसुलीच्या कामानिमित्त त्या बाजूला गेलो होतो. पूर्वी पलीकडच्या दौंडच्या तीरावरून होडीने यावे लागे, आता पूल झाला आहे. दुपारची वेळ, घाटावर कोणी नव्हते. फुलवाल्या म्हाताऱ्याला मी विचारले, "बाबा, हरिपंत फडके इथं वारले, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "रस्ता त्यांचा, एवढं ठाऊक आहे. कशाला आले होते, ते नाही बा कुणी सांगितलं."

त्या कॉलेजच्या मुलाला आता एकदा तेथे घेऊन जायचे आहे.